थकबाकी तुझ्या तोंडात आहे

तोंड मिट. आधी ऐक, मग उघड.

आज सकाळी जोर लावून घासून आलास ना? दिसतंय मला. हिरडीच्या कडेला ताजे ओरखडे आहेत, दोन ठिकाणी रक्त आलंय, आणि खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटणाची भिंत जशीच्या तशी उभी आहे. सहा महिन्यांचा अभ्यास एका सकाळी उरकायला निघालास. कुणाला फसवणार होतास? मी एकतीस वर्षं लोकांच्या तोंडात बघतेय. हिरडी एका दिवसात सुजत नाही आणि एका दिवसात उतरतही नाही. तू काय केलंस आणि काय नाही, ते मला तुझ्या आधी तीच सांगते.

तू पतसंस्थेत वसुली सांभाळतोस. कर्जदाराचे दोन हप्ते चुकले की त्याच्या दारात जाऊन उभा राहतोस. कुणी म्हणालं, ‘साहेब, पुढच्या महिन्यात नक्की’, की तुला तिथल्या तिथे कळतं, हा भरणार नाही. मग तेच वाक्य मला सहा वर्षं कोणत्या तोंडाने ऐकवतोस? ‘मॅडम, उद्यापासून नक्की.’ तुझ्या कार्डावर लिहून ठेवलंय मी. मार्चमध्ये उद्यापासून. ऑक्टोबरमध्ये उद्यापासून. पुढच्या वर्षी आलाच नाहीस. आलास तो थेट गाल सुजवून, रात्री साडेनऊला, मी दवाखान्याचं शटर ओढत असताना. त्या खेपेला खालची डावी दाढ गेली. चाळिशीच्या आत. चांगली, दणकट दाढ होती ती. पाच वर्षं आधी तिच्यात टाचणीच्या टोकाएवढी कीड होती आणि ती मी तुला आरशात दाखवली होती. आठवतंय? ‘दुखत नाहीये ना, मग बघू’ असं म्हणाला होतास.

हिशोब तुझा पक्का आहे. मग हा कर. सहा महिन्यांत तुझे दात माझ्या हाताखाली येतात अर्धा तास. तुझ्या हाताखाली येतात दिवसातून दोनदा, म्हणजे तीनशेसाठ वेळा. दर वेळी दोन मिनिटं धरली तर बारा तास. मी अर्ध्या तासात जे करते ते टिकणार की मातीत जाणार, हे त्या बारा तासांत ठरतं. त्यातले तू किती भरतोस? रात्रीचे सहा तास सरळ बुडवतोस. सकाळची दोन मिनिटं म्हणजे तुझी चाळीस सेकंदं, तीही एका हातात मोबाइल धरून. जीभ घासताना मात्र सगळी गल्ली जागी करतोस. आणि वर मलाच विचारतोस, ‘मागच्या वेळी क्लिनिंग केलं होतं, तरी परत घाण कशी झाली?’ घर एकदा झाडलं की वर्षभर झाडावं लागत नाही का तुझ्याकडे?

तुला माहीत नसतं तर मी एक शब्द बोलले नसते. पाटणच्या डोंगरातून एसटीने येणारी म्हातारी असते, तिच्या हातात आयुष्यात कुणी ब्रश दिलेला नसतो. तिला मी शिकवते, रागवत नाही. तुला शिकवून झालंय. प्लास्टरच्या दातांवर, तुझ्या हातात ब्रश देऊन, तीन वेळा. तिसऱ्या वेळी तू मला बिनचूक करून दाखवलंस. आज, आत्ता विचारलं तरी घडाघडा सांगशील. मऊ केसांचा ब्रश. केस हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरके टेकवायचे. दोन-दोन दात घेऊन जागच्या जागी हलकेच हलवायचा, मग दाताच्या टोकाकडे ओढायचा. बाहेरून झालं की आतून. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ब्रश उभा धरायचा, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात आणि कीटण सगळ्यात आधी तिथेच धरतं. शेवटच्या दाढेची मागची बाजू विसरायची नाही. झालं की फेस थुंकायचा आणि चूळ भरायची नाही, म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहतं. बघ, सगळं येतं तुला. उत्तर येत असून पेपर कोरा देणाऱ्या पोराचं काय करायचं असतं?

ब्रश कुठला वापरतोस? कडक केसांचा. ‘त्याशिवाय साफ झाल्यासारखं वाटत नाही.’ दात म्हणजे कढई आहे का, काथ्याने घासायला? आडवं, जोर लावून, आरीसारखं घासून घासून वरच्या सुळ्याच्या मुळाशी खाच पाडून घेतलीस. थंड पाणी लागलं की तिथेच झिणझिण्या येतात. आणि ज्या ब्रशने हा पराक्रम केलास त्याचे केस झाडूसारखे फिसकटले आहेत. तीन महिन्यांनी ब्रश बदलायचा असतो. तीस-चाळीस रुपयांची वस्तू. मोबाइलचं कव्हर या वर्षात किती वेळा बदललंस?

आता रात्रीचं. इथे मी तुला सोडणार नाही.

दिवसा लाळ आपलं काम करत असते. ती तोंड धूत राहते, आम्ल मारते, दाताच्या वरच्या कवचातून निघालेले क्षार थोडे थोडे परत भरते. झोपल्यावर लाळ जवळजवळ आटते. म्हणजे ज्या सात-आठ तासांत राखण करणारं कुणी नसतं, नेमक्या त्याच तासांसाठी तू दातांवर जेवण ठेवून झोपतोस. त्यात जेवणानंतरचा गुळाचा खडा, किंवा मुलीच्या हातचा ‘एकच’ पेढा. दातावरच्या चिकट थरातले जंतू त्या गोडाचं आम्ल करतात. हे कवच आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण गोष्ट आहे, हाडापेक्षा कठीण. पण त्यात एकही जिवंत पेशी नसते. कातडी भरून येते, मोडलेलं हाड जुळतं. हे कवच एकदा खचून भोक पडलं की परत येत नाही. खड्डा पडायच्या आधी, नुसता पांढुरका डाग असतो तेव्हा, फ्लोराइड आणि लाळ मिळून ते सावरू शकतात. ती मुदत तू दर रात्री वाया घालवतोस.

‘दमलेलो असतो, मॅडम.’ दमलेला असतोस आणि साडेअकरापर्यंत अंथरुणात पडून क्रिकेटचे तुकडे बघतोस. दोन मिनिटं नाहीत तुझ्याकडे? खरं सांग, वेळ नाही की पांघरुणातून उठायचा कंटाळा आहे? कंटाळा असेल तर तसं म्हण. त्यावर उपाय आहे: जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने, अंग टाकायच्या आधीच घासून मोकळा हो, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. पण तू कंटाळ्याला वेळेचं नाव देतोस, आणि जे रोगाचं नावच खोटं सांगतात त्यांना औषध काय द्यायचं?

आणि चहा. किती कप? तू म्हणालास तीन. तुझी बायको इथेच बाकावर बसली होती, ती म्हणाली सहा. ऑफिसात तीन, वसुलीला जाशील त्या घरी एक, घरी दोन. प्रत्येक कपात साखर, आणि निम्म्या वेळा बिस्किट. गोड काही तोंडात गेलं की काही मिनिटांत दातावरचं आम्ल वाढतं, आणि लाळेला ते उतरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. उतरतंय तोवर तुझा पुढचा कप. म्हणजे रोज चारेक तास तू दात आम्लात भिजत ठेवतोस. लग्नात जेवणाबरोबर दोन जिलब्या खाल्ल्यास तर मी काही बोलणार नाही. एका बैठकीत काय ते खा आणि संपव. दिवसभर टिचभर-टिचभर चाललेलं असतं, ते घात करतं. चहा सोडू नकोस. साखर सोड, नाहीतर कप निम्मे कर. यातलं एकही जमणार नाही असं मला सांगू नकोस. श्रावण अख्खा पाळतोस तू.

तुझी आवडती सबब आता घेते. ‘घासलं की रक्त येतं, म्हणून तिथे घासत नाही.’ अरे, घासत नाहीस म्हणून रक्त येतं! दाताच्या कडेला थर साचला, हिरडी सुजली, सुजलेली हिरडी स्पर्शाने रक्त सोडते. तू घाबरून ती जागा टाळतोस, थर वाढतो, सूज वाढते. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूसला हॅराल्ड लोए नावाच्या संशोधकाने हे करूनच पाहिलं. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी नीट घासायला सुरुवात केली आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. आठवडा! ही गोष्ट मी तुला दोन वर्षांपूर्वी, याच खुर्चीत सांगितली होती. तू मान डोलावलीस आणि गेलास. तेव्हा तुझी नुसती हिरडी सुजलेली होती, आठवड्याचं काम होतं. आज दोन दाढांच्या खालचं हाड उतरलंय. हिरडी अजून सावरेल. हाड गेलं ते घासून परत येणार नाही. जे उरलंय ते राखायचं, एवढंच आता आपल्या हातात आहे.

‘क्लिनिंग केल्यावर दात हलायला लागतात म्हणतात.’ कोण म्हणतं? तुझ्या मावशीचे मिस्टर. मावशीच्या मिस्टरांच्या दातांना वीस वर्षं कीटणाचा गिलावा होता. त्याखाली हाड कधीच खाल्लं गेलं होतं, दात त्या गिलाव्याने एकमेकांना चिकटून उभे होते. कीटण काढलं तेव्हा खरं काय ते दिसलं. घर वाळवीने पोखरलंय हे रंग खरवडल्यावर कळलं, तर दोष खरवडणाऱ्याचा? आणि कीटण घरी निघत नाही, हेही ऐकून ठेव. मऊ थर रोज निघतो, ब्रशने. तो राहू दिला की लाळेतले क्षार बसून दगड होतो आणि मग त्याला माझीच हत्यारं लागतात. लिंबू-मीठ चोळून, कोळशाची पेस्ट लावून, सेफ्टी पिनेने कोरून तो जात नाही. पिनेने हिरडी तेवढी फाटते. कोरलेलंस तू, मला खूण दिसतेय.

आणि ते ‘दुखत नाहीये’. दात सगळ्यात शेवटी बोलतो. कवचाला संवेदना नाही. कीड त्याच्या आतल्या थरात गेली की थंड-गोड लागायला लागतं, आणि नसेपर्यंत पोचली की रात्रीचा ठणका सुरू होतो. तेव्हा तू काय केलंस? लवंगेच्या तेलाचा बोळा. दोन दिवस बधिर झालं. मग औषधाच्या दुकानातून कुणालाही न विचारता गोळ्या. पाचव्या दिवशी ठणका थांबला आणि तू खूश, ‘आपोआप बरी झाली’. बरी झाली नव्हती, आतली नस मेली होती. पू मुळाशी उतरत होता. त्यानंतर सात महिन्यांनी तो गाल. कर्जदार फोन उचलायचा बंद झाला की कर्ज फिटलं असं समजतोस का तू ऑफिसात?

ती दाढ गेली त्या जागेचं तरी काही केलंस? नाही. ‘एकीने काय होतंय.’ हे बघ, वरची दाढ त्या खड्ड्यात खाली उतरायला लागलीये, मागची पुढे कललीये, आणि दोघींच्या मध्ये फट पडून तिथे भाजीचे धागे अडकतायत. तिथे ब्रश जातच नाही. दाढेला पाच बाजू असतात. ब्रश तीन घासतो, मधल्या दोन राहतात. म्हणून मी तुला फ्लॉसचा धागा दिला, फटीसाठी छोटा ब्रश दिला, वापरून दाखवला. दोन्ही कुठे आहेत? बाथरूमच्या कपाटात, पाकीट न फोडता. रात्री एकदा, ब्रशच्या आधी. सुरुवातीला पाच मिनिटं लागतील, पंधरा दिवसांनी दीड मिनिट. माउथवॉशची हिरवी बाटली मात्र निम्मी संपलीये म्हणतोस. ती वास झाकते. चिकटलेला थर खळखळून निघत नसतो.

मागे तू मला आजोबांचं सांगितलंस. बाभळीच्या काडीवर ऐंशी वर्षं काढली, सगळे दात शाबूत. मान्य. पण आजोबा ओट्यावर बसून पाव तास ती काडी चावायचे, कुंचला करून एकेक दात घासायचे. आणि दिवसाला सहा गोड चहा, बिस्किटं त्यांच्या ताटात नव्हती. जुन्यातलंच ऐकायचं असेल तर वाग्भट ऐक. ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्येत त्याने दातांच्या काडीचं सांगितलंय: रुई, वड, खैर, करंज, अर्जुन असल्या झाडांची, करंगळीएवढी जाड, टोक मऊ केलेली. सकाळी, आणि जेवणानंतरही. हिरड्यांना इजा न करता. म्हणजे मी तुला जे सांगतेय, तेच की! आजोबांचं नाव तेवढं घेतलंस, त्यांचा पाव तास कुठे ठेवलास?

‘आमच्या घराण्यातच दात कच्चे.’ वडिलांची कवळी मीच केली. त्यांचे दात हिरडीच्या रोगाने गेले, आणि त्यांना मधुमेह होता. तुला गेल्या वर्षी साखर निघाली. हे दोन्ही एकमेकांना धरून असतात: साखर चढलेली असली की हिरडीचा रोग जोर धरतो, आणि हिरडीत सतत जळजळ असली की साखर आवरत नाही. घराण्याचा धोका तुला आहेच. मग तू इतरांपेक्षा दुप्पट सावध राहायला हवंस की हात वर करायला हवेत? उंचावरच्या शेताला पाणी कमी मिळतं म्हणून शेतकरी बांध घालायचं सोडून देतो का?

तुझं तू बघशील, आज ना उद्या. पण त्या पोरीचं काय?

सात वर्षांची आहे ती. मागच्या महिन्यात तिला घेऊन आलास, ‘दुधाची दाढ किडलीये, पडेलच ना?’ ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते, कुठलाही दात न पडता, गुपचूप. ती कायमची असते. आयुष्यभर तिने चावायचं असतं. तुम्हा दोघांना ती आल्याचं कळलंही नाही आणि वर्षभरात तिला कीड लागली. आणि दुधाची असती तरी? दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत असतात, खालच्या दातांची जागा धरून ठेवतात. सात वर्षांच्या मुलीचा हात अजून सगळीकडे पोचत नाही. तिचे दात रात्री तू घासून द्यायचे आहेत, तिच्या मागे उभं राहून, मटाराएवढी पेस्ट घेऊन. ‘ती करते स्वतःचं स्वतः’ असं कौतुकाने सांगत होतास. कौतुक नाही ते, अंग काढून घेणं आहे. तिच्या वर्गाचा अभ्यास रोज तपासतोस ना?

तुझी आई अजून मिशेरी लावते. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास तुझ्या घरात सकाळी येतो आणि तू म्हणतोस, ‘दात घासते, जुनी सवय.’ तो तंबाखू आहे. दातांच्या उत्पादनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली, पण तव्यावर कोण बंदी करणार? तिला लावल्याशिवाय सकाळी चैन पडत नाही, कारण ते व्यसन आहे. तिच्यावर ओरडू नकोस, तिचं वय झालंय, तिला कुणी वेळेवर सांगितलं नाही. तिला माझ्याकडे घेऊन ये. गालाच्या आत पांढरा चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणं, यातलं काही आहे का ते मला बघायचंय. आणि हे मी दिवाळीच्या आधीही सांगितलं होतं.

एवढं बोलले, कारण तुझ्या तोंडात अजून सत्तावीस दात आहेत आणि त्यातले पंचवीस उत्तम आहेत. ज्याचं सगळं गेलंय त्याला मी कवळी करून देते, बोलत नाही. बापाची कवळी बसवली तेव्हा तू बाजूला उभा होतास. भाकरी दुधात कुस्करून खायला लागली म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तू पाहिलंस. ते पाहूनही तुझ्या रात्री तशाच जातात, याचा मला राग आहे.

आज मी कीटण काढते. हिरडी दोन-तीन दिवस दुखेल, घासायचं थांबवू नकोस, नवा मऊ ब्रश घेऊनच घरी जा. आज रात्री जेवणानंतर आधी पोरीचे दात, मग तुझे, आणि फटीतला ब्रश पाकिटातून बाहेर काढ. तीन महिन्यांनी ये, आईला घेऊन. त्या दिवशी सकाळी रोजच्यासारखेच घासून ये, एक मिनिट जास्त नको, मला कळतं.

आता उघड तोंड.